बंद दिव्याचा मिणमिणता उजेड

इंदूर शहरात अन्नपूर्णेच्या मंदिरावरून ज्या भागाला अन्नपूर्णा हे नाव पडले, त्या भागात जुन्या आणि नव्या बांधकामाची सरमिसळ झालेली घरे पुष्कळ आढळतात. खालचा मजला वडिलांच्या कारकिर्दीतला, वरचा मुलाने चढविलेला. खाली भिंतीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीवरून गेलेली तार, वर भिंतीच्या पोटात नळीतून ओढलेली. खाली काळी गोल बटणे, वर पांढरीशुभ्र चौकोनी पाटी आणि तिच्यात अंधारात बटण सापडावे म्हणून बसविलेला तांबडा ठिपका. अशा घरात रात्री निजानीज झाली, बटणे बंद झाली, की एखादे दिवशी एक चमत्कार नजरेस पडतो. दिवाणखान्यातला दिवा बंद केलेला असतो. पण डोळे अंधाराला सरावले की त्याच्या पांढऱ्या घुमटात फिकट उजेड मिणमिणत असल्याचे दिसते. कधी तो स्थिर असतो, तर कधी दर दोन-तीन सेकंदांनी क्षणभर लुकलुकून पुन्हा विझतो.

"सूनबाई, दिवा मालवला नाहीस वाटतं?" असे आजी अंथरुणातून विचारतात. "मालवला की, आई. बटण बंदच आहे," असे म्हणत सून उठते, बटण दोनदा खालीवर करून पाहते आणि दिवा तसाच मिणमिणत राहतो. दुसऱ्या दिवशी नवा बल्ब आणला जातो. तोही रात्री तसाच वागतो. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, भिंतीत करंट उतरला आहे. कोणी म्हणतो, आता बिल वाढणार. कोणी म्हणतो, आजकालचा मालच हलका. आणि घरातील एखादा शहाणा म्हणतो, "असू दे की, रात्री पाणी प्यायला उठायचं तर तेवढाच उजेड."

या चौघांचेही म्हणणे थोडेबहुत खरे ठरू शकते आणि थोडेबहुत खोटेही. बंद दिव्यात मिणमिणणारा उजेड हा एक रोग नसून लक्षण आहे. ताप जसा साध्या पडशाने येतो आणि विषमज्वरानेही येतो, तसे हे आहे. बहुतेक घरांत त्याचे कारण निरुपद्रवी असते. परंतु काही घरांत त्याच उजेडाचा अर्थ असा असतो की, बटण बंद केल्यावरही दिव्याच्या होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्टचा दाब हजर आहे, आणि बल्ब बदलण्यासाठी स्टुलावर चढणाऱ्याचा हात त्याच्यापासून दोन बोटांवर आहे. यांपैकी आपल्या घरी कोणते कारण आहे, हे ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे.

पहिला प्रश्न असा उद्भवतो की, हा प्रकार पूर्वी का दिसत नव्हता? वास्तविक भिंतीतील तारा त्याच, बटणे तीच. बदलला तो दिवा. तारेच्या वेटोळ्याचा जुना बल्ब म्हणजे एक प्रकारची शेगडीच होती. टंगस्टनची तार तापून पांढरी होईपर्यंत ती प्रकाश देत नसे. ६० वॅटच्या अशा बल्बातून सुमारे २६० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहत असे. त्याच्या काही हजाराव्या हिश्शाचा प्रवाह जर चोरवाटेने त्या तारेतून गेला, तर तार कोमटदेखील होत नसे. मग ती उजळणार कोठून? प्रवाह झिरपत होता. पण तो पाहणारा डोळा घरात नव्हता.

एल.ई.डी. दिव्याची जात निराळी आहे. तो तापून प्रकाश देत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या कणीतून प्रवाह जाताच ती कणी थेट प्रकाश टाकते. तांबड्या प्रकाशाचा असा दिवा अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली करून दाखविला. निळ्या प्रकाशाचा तेजस्वी दिवा साधण्यास त्यानंतर तीन दशके लागली. त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कारण निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप चढविला की पांढरा प्रकाश मिळतो, आणि घरोघरी तोच लागतो. आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. जुन्या ६० वॅटच्या बल्बाचे काम आता ९ वॅटचा दिवा करतो आणि त्यासाठी त्याला सुमारे ४० मिलिअँपिअर पुरतात. परंतु हाच काटकसरी स्वभाव रात्री आड येतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला दिसेल इतका उजेड द्यावयास या कणीला मिलिअँपिअरचा अगदी अल्पसा अंशही पुरतो. जो प्रवाह जुन्या बल्बाच्या खिजगणतीतही नव्हता, तो या नव्या दिव्याला पुरेसा जागा ठेवतो.

दिवा स्थिर मिणमिणतो की लुकलुकतो, हे त्याच्या पोटातील रचनेवर अवलंबून असते. प्रत्येक एल.ई.डी. दिव्यात घरातील विजेचे रूपांतर कणीला मानवेल अशा विजेत करणारी एक छोटी यंत्रणा असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. तिच्यात वीज साठविणारा एक कपॅसिटर असतो. हा शब्द आता घरोघरी परिचित आहे, कारण छताचा पंखा मंद झाला की वायरमन जो 'कंडेन्सर' बदलतो, तोच हा. गळक्या नळाखाली लोटा ठेवला, तर थेंबाथेंबाने तो भरत जातो. काठोकाठ भरला की कलंडतो आणि पुन्हा भरू लागतो. झिरपणाऱ्या प्रवाहाने कपॅसिटर असाच भरत जातो, पुरेसा भरला की ड्रायव्हर क्षणभर जागा होतो, दिवा लुकलुकतो, साठा संपतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. साध्या घडणीच्या दिव्यात लोटा कलंडण्याऐवजी त्याला जणू भोकच असते. थेंब येतो तसा निघून जातो आणि दिवा स्थिर मिणमिणत राहतो.

आता हा थेंब येतो कोठून, ते पाहिले पाहिजे. त्याच्या वाटा मोजक्या आहेत. त्या सौम्यापासून गंभीरापर्यंत अशा क्रमाने घेणे सोयीचे पडेल.

सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे नुसता उरलेला उजेड. बटण बंद करताच कपॅसिटरमधील साठा काही क्षण पुरतो. शिवाय पिवळे स्फुरद्रव्यही किंचित काळ चमकत राहू शकते. हा उजेड सतत कमी होत जातो आणि थोड्याच वेळात नाहीसा होतो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. घड्याळ लावून पाच मिनिटे पाहावे. तेवढ्यात दिवा पूर्ण विझला, तर प्रश्न मिटला.

दुसरी वाट त्या तांबड्या ठिपक्याची. बटणावरील हा इंडिकेटर बटण बंद असताना पेटतो, तेव्हा त्याला वीज कोठून मिळते? तो बटणाच्या दोन टोकांना जोडलेला असतो; म्हणून त्याचा प्रवाह दिव्यातून वाहूनच आपले वर्तुळ पूर्ण करतो. रात्रीच्या पहारेकऱ्याने आपला पगार मालकाच्या तिजोरीतून घ्यावा, तसा हा ठिपका आपला प्रवाह दिव्याच्या मार्गातून घेतो. तो अर्ध्या मिलिअँपिअरच्या घरात असला तरी एल.ई.डी. दिव्याला भरपूर होतो. मोबाईलवरून चालणाऱ्या किंवा नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या नव्या बटणांपैकी ज्यांना न्यूट्रल तार जोडलेली नसते, त्यांचीही हीच गत आहे. ती स्वतः जागी राहावीत म्हणून त्यांना सतत थोडा प्रवाह लागतो आणि तो दिव्यातूनच येतो.

तिसरी वाट अधिक गमतीची आहे, कारण तीत तारेला तार कोठेही टेकलेली नसते. आवरण असलेल्या दोन तारा शेजारी शेजारी चालल्या, की त्यांचा आपोआप एक लांबलचक कपॅसिटर बनतो. आणि आपल्याकडील विजेची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तने करीत असल्यामुळे तिला या आवरणापलीकडेही थोडा प्रवेश मिळतो. घरगुती तारांच्या बाबतीत ही धारणशक्ती दर मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरली, तर १० मीटरच्या जोडीतून २३० व्होल्टवर सुमारे ७० मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. हा ९ वॅटच्या दिव्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी आहे. तरी अंधारात उजेड दाखविण्यास तो पुरतो. जिन्याचा दिवा या दोषाला विशेष बळी पडतो. खालून लावावा आणि वरून मालवावा, यासाठी दोन बटणांमध्ये दोन तारा समांतर नेलेल्या असतात. दिवा बंद असतानाही त्यांपैकी एकीत वीज असते आणि ती आपल्या शेजारणीला संपूर्ण जिनाभर सोबत करते. एकाच नळीत इन्व्हर्टरच्या आणि नेहमीच्या विजेच्या तारा कोंबल्या असल्या, तरी असेच घडते. साध्या इन्व्हर्टरची लहर गुळगुळीत नसून चौकोनी असते. अशी लहर आवरणापलीकडे अधिक प्रवाह ढकलते, म्हणून वीज गेल्यावरच दिवे मिणमिणू लागल्याचा अनुभव काही घरांत येतो.

चौथी वाट डिमरची. दिवाणखान्याच्या खोट्या छतात ओळीने दिवे बसवावेत आणि त्यांचा उजेड हवा तसा कमी-जास्त करावा, ही हौस आता मध्यमवर्गीय घरांतही रुजली आहे. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरप्रमाणे सर्वसाधारण डिमरही विजेच्या लहरीचा तुकडा कापून काम करतो. लहरीच्या प्रत्येक अर्धुकात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, तो काही काळ प्रवाह अडवितो आणि उरलेला काळ सोडतो. जुना बल्ब तापट असल्यामुळे ही काटछाट त्याला जाणवत नसे. जुना डिमर आखलेला होता तो अशाच बल्बांसाठी. पुष्कळ डिमरांच्या पाटीवर किमान भार ४० किंवा ६० वॅट असावा असे छापलेले असते. त्याच्यावर ९ वॅटचा एकच एल.ई.डी. दिवा लावला, तर त्याची अवस्था बैलगाडीला बकरी जुंपल्यासारखी होते. दिवा थरथरतो, मध्येच विझतो किंवा अगदी कमी केल्यावर मिणमिणत राहतो.

शिवाय सगळेच डिमर बंद केल्यावर खरोखर बंद होत नाहीत. ज्याची गोल मूठ शेवटास नेली असता 'टक्' असा आवाज होतो, त्याच्या आत बहुधा खरे बटण असते आणि ते तार तोडते. स्पर्शाने किंवा रिमोटने चालणाऱ्या डिमरात असे तोडणे पुष्कळदा नसतेच. आतील इलेक्ट्रॉनिक झडप मिटते. पण तिच्या संरक्षणासाठी जोडलेल्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह चालूच राहतो. यावर उपाय म्हणजे एल.ई.डी.साठीच बनविलेला डिमर वापरणे, आणि त्यावर खोक्यावर 'डिमेबल' असे लिहिलेलेच दिवे लावणे. तसे लिहिलेले नसलेला दिवा डिमरवर लावल्यास तो लुकलुकतो, गुरगुरतो आणि अकाली मरतो. एका डिमरवर निरनिराळ्या बनावटीचे दिवे मिसळू नयेत. त्यांतील सर्वांत अल्पसंतुष्ट दिवा मागे मिणमिणत राहतो.

पाचवी वाट ओलाव्याची. मृगाचा पाऊस सुरू झाला, गच्चीची भिंत ओली झाली आणि मगच दिवा रात्री मिणमिणू लागला, तर कारण तारेच्या शेजारात नव्हे, तर आवरणात शोधावे. जुन्या तारेचे तडकलेले रबर, पट्टी गुंडाळून केलेला जोड, पाणी शिरलेली जंक्शन पेटी यांतून खरोखरीच वीज पाझरते. हा दोष वाढणारा आहे. आज दिवा मिणमिणतो, उद्या भिंतीला हात लावताच झिणझिण्या येतात. अशा वेळी वायरमनकडून मेगर लावून तारांच्या आवरणाची परीक्षा करून घेणे आवश्यक आहे.

राहिली सहावी वाट. सर्वांत गंभीर आणि सर्वांत सहज दुर्लक्षिली जाणारी. घरात दोन तारा येतात. एक फेज, जिच्यात दाब असतो; दुसरी न्यूट्रल, जी पुरवठ्याच्या बाजूला जमिनीशी जोडलेली असते. दिवा पेटण्यासाठी दोन्ही लागतात, आणि बटणाने कोणतीही एक तोडली तरी दिवा विझतो. म्हणून बटण चुकीच्या तारेत बसविले, तरी दिवसाउजेडी काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. बटण दाबले की दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. पण बटण फेजमध्ये असेल, तर ते बंद केल्यावर दिव्यापर्यंत दाब पोचत नाही. ते न्यूट्रलमध्ये असेल, तर दिवा विझतो, परंतु होल्डर, दिवा आणि दिव्यापासून बटणापर्यंतची तार, एवढे सगळे अहोरात्र फेजला टांगलेले राहते. घरावर दरोडेखोर येऊ नयेत म्हणून पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराला कुलूप लावावे, त्यातला हा प्रकार. मग ती दाबाखालील तार भिंतीशी आणि अर्थिंगच्या तारेशी जी सलगी करते, तीतून अल्प प्रवाह दिव्यातून वाहतो आणि दिवा मिणमिणतो.

हे केवळ शास्त्राचे सांगणे नाही, कायद्याचेही आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील बत्तिसाव्या नियमाने, जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रल तारेत एकटे बटण किंवा फ्यूज घालण्यास मनाई केली होती. तोडावयाचेच तर फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी तोडणारे जोडबटण असावे, असे त्यात म्हटले होते. त्या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी घेतली. परंतु हे तत्त्व बदलले नाही. तरी चूक होते. कधी एकाच बटणापाशी वायरमनची नजर चुकते. कधी मीटरच्या किंवा मुख्य बटणाच्या दुरुस्तीनंतर दोन तारांची अदलाबदल होते आणि एका क्षणात साऱ्या घरातील सगळी बटणे न्यूट्रलमध्ये जाऊन बसतात. अशा घरात एकेरी एम.सी.बी. खाली पाडला, तरी तोही न्यूट्रलच तोडतो, आणि 'मेन बंद केला आहे' या भरवशावर काम करणाऱ्याच्या हाताखाली जिवंत तार राहते. जुन्या बल्बाच्या काळात हा दोष वर्षानुवर्षे मुका राहत असे. मिणमिणणारा एल.ई.डी. दिवा त्याला वाचा फोडतो.

म्हणून घरच्या माणसांनी काय करावे? प्रथम, हाताला काहीही न लागू देता केवळ निरीक्षणाने जेवढे कळते, तेवढे कळून घ्यावे. उजेड पाच मिनिटांत विझतो की रात्रभर टिकतो? त्या बटणावर इंडिकेटर आहे काय? दिवा डिमरवर आहे काय? तो जिन्यासारखा दोन बटणांचा आहे काय? पावसाळ्यातच मिणमिणतो, की इन्व्हर्टरवरच? एकच दिवा मिणमिणतो, की घरातील पुष्कळ? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. सगळ्या घरात दिवे मिणमिणू लागले आणि ते नुकत्याच झालेल्या दुरुस्तीनंतर, तर मेनपाशी तारांची अदलाबदल झाल्याचा संशय प्रथम घ्यावा.

टेबलावरचा दिवा असेल, तर परीक्षा आणखी सोपी आहे. आपल्याकडील दोन पिनांचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. दिव्याच्या दोरीवरील बटण बंद असताना तो मिणमिणत असेल, तर भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा, उलटा फिरवून पुन्हा बसवावा आणि भिंतीवरील बटण चालू करावे. उजेड नाहीसा झाला, तर दोरीवरचे बटण आधी न्यूट्रलमध्ये होते आणि आता फेजमध्ये आले, असा निष्कर्ष बहुधा खरा ठरतो. छतावरील दिव्याचा प्लग असा फिरविता येत नाही. पण दोष तोच असू शकतो, हे यावरून उमजते.

यापुढचे काम परवानाधारक वायरमनचे. तथापि तो काय पाहतो हे घरमालकाला ठाऊक असलेले बरे. म्हणजे 'भैया, नवा बल्ब बसवून दे आणि जा' असे सांगण्याची पाळी येत नाही. बटण बंद ठेवून, पाटी उघडून तो बटणाच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावतो. नंतर दिवा होल्डरमधून काढून पुन्हा तीच परीक्षा करतो. बटण फेजमध्ये असेल, तर दिवा असो वा नसो, एका टोकाला टेस्टर लख्ख पेटतो. दिवा असताना टेस्टर पेटतो आणि दिवा काढताच दोन्ही टोके मुकी होतात, असे घडले तर बटण न्यूट्रलमध्ये आहे. कारण आधी दिसणारा दाब दिव्यातून येत होता. येथे एक सावधगिरी हवी. टेस्टर आणि नाजूक मीटर दोन्ही शेजारच्या तारेच्या छायेलाही फसतात. मीटरवर साठ-सत्तर व्होल्ट दिसतात आणि प्रत्यक्षात त्यामागे काहीच बळ नसते. म्हणून जाणता वायरमन टेस्ट-लॅम्प, म्हणजे तारा जोडलेला साधा बल्ब, लावून खात्री करतो. छायेने तो पेटत नाही. खऱ्या फेजने पेटतो.

कारण कळले की उपाय अवघड नसतो. बटण न्यूट्रलमध्ये असेल, तर ते फेजमध्ये आणावयाचे. एका दिव्यापुरते असेल तर त्या पाटीत, साऱ्या घराचे असेल तर मेनपाशी. इंडिकेटरचा दोष असेल, तर तो ठिपका काढून टाकावयाचा. शेजारच्या तारेचा किंवा न्यूट्रल नसलेल्या बटणाचा दोष असेल, तर दिव्याच्या दोन टोकांमध्ये एक लहानसा कपॅसिटर जोडतात. ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्टचा आणि 'एक्स-टू' अशी खूण असलेला कपॅसिटर, आणि त्याच्यासोबत १०० ओहमचा रोध, असा हा जोड तयार मिळतो. झिरपणारा प्रवाह मग दिव्याऐवजी या सोप्या वाटेने निघून जातो. वर सांगितलेले ७० मायक्रोअँपिअर या वाटेने गेले, तर दिव्याच्या टोकांवर जेमतेम सव्वादोन व्होल्ट उरतात. दिव्यातील अनेक कण्यांची ओळ उजळावयास यापेक्षा पुष्कळ अधिक दाब लागतो. म्हणून दिवा पूर्ण विझतो. पंख्याचा किंवा जुन्या रेडिओचा कोणताही कपॅसिटर येथे लावणे मात्र धोक्याचे. 'एक्स-टू' ही खूण सतत मुख्य दाबाखाली राहण्याची पात्रता सांगते.

याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक होण्याचा संभव आहे. हा कपॅसिटर न्यूट्रलमधील बटणामुळे मिणमिणणारा दिवाही विझवू शकतो. उजेड गेला म्हणून घरातील मंडळी समाधान पावतात. पण होल्डर पूर्वीप्रमाणेच जिवंत राहतो आणि आता त्याची वर्दी देणाराही उरत नाही. झुंबरात एखादा जुना बल्ब लावून उजेड घालविण्याची युक्तीही अशीच फसवी आहे. आधी बटण कोणत्या तारेत आहे ते पाहावे, मगच मिणमिणणे बंद करावे. हा क्रम उलटता कामा नये.

बिलाची भीती मात्र अनाठायी आहे. तारांच्या शेजारामुळे मिणमिणणारा दिवा वर्षभरात एका युनिटाचा अल्पसा अंशच खाईल. इंडिकेटरमुळे मिणमिणणारा फार तर एका युनिटाच्या आसपास. प्रश्न पैशाचा नाही. जोवर खात्री झालेली नाही, तोवर बल्ब बदलताना बटणावर विसंबू नये. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे मुख्य बटण बंद करावे, लोखंडी शिडीऐवजी कोरडा लाकडी स्टूल घ्यावा, पायात कोरडी चप्पल असावी आणि ओला हात लावू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. नसेल, तर तो बसवून घ्यावा. अंगातून जमिनीकडे वीज वाहू लागली, तर तो निमिषार्धात पुरवठा तोडतो. मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची असली, तरी मीटरच्या पुढच्या तारांची जबाबदारी ग्राहकाचीच, हेही विसरू नये.

कोणाच्या घरी देवघरात, कोणाच्या घरी येशूच्या तसबिरीपुढे, मंद दिवा रात्रभर मुद्दाम तेवत ठेवतात. तो ठेवलेला दिवा आहे. त्याच्या ठायी घरच्यांची इच्छा आहे. दिवाणखान्यातील हा दुसरा दिवा कोणी ठेवलेला नाही, म्हणून 'असू दे की' या शब्दांनी त्याला आश्रय देऊ नये. आजींनी रात्री विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सूनबाईंनी सकाळी शोधावे, बटणाची पाटी एकदा जाणत्याकडून उघडवून घ्यावी आणि फेज कोठे आहे ते डोळ्यांनी पाहावे. पुढच्या वेळी स्टुलावर चढणारा बहुधा घरचाच कोणीतरी असेल.